सहा अंशांवरचं टेकाड

लेओकादिया वोय्नारचा हात काचेवर बसलेला होता. व्रोत्स्वाफमधल्या बल्बच्या कारखान्यात ती सोळाव्या वर्षी लागली आणि पुढची अकरा वर्षं ज्योतीसमोर बसून नळ्यांची तोंडं बंद करत राहिली. १९७१ साली शहरातल्या एका संशोधन संस्थेला असाच हात हवा होता. तिथल्या लोकांनी तिच्यापुढे क्वार्ट्झची एक नळी ठेवली, आतली हवा ओढून घेतली आणि म्हणाले, करा बंद. तिने केली, थंड होऊ दिली आणि पुढे सरकवली. सांधा नेमका कुठे आहे ते शोधायला त्यांना भिंग आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती तिथे कामाला लागली, ती तेहतीस वर्षं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण ब्रोन्या. युद्ध संपल्यावर, दोघी तान्ह्या-लहान असताना, आईबरोबर ल्वूफ शहराकडून मालगाडीच्या डब्यातून या शहरात आल्या होत्या. लेओकादियाला त्यातलं काही आठवत नव्हतं. ब्रोन्याला सगळं आठवत होतं आणि ती ते रोज सांगायची. ब्रोन्या शिवणकाम करायची. लग्न दोघींनीही केलं नाही.

"आज काय केलंस?" ब्रोन्या विचारायची.

"सिरियम वितळवलं."

"त्याचं काय करतात?"

"मोजतात."

"मोजून?"

"लिहून काढतात."

"म्हणजे खायचं नाही, ल्यायचं नाही," ब्रोन्या म्हणायची आणि मशीनचं चाक फिरवायची.

सिरियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. तेलात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर उघड्यावर त्याला पावाला बुरशी चढावी तसा थर चढतो. लेओकादिया तो तेलातून काढायची, कानशीने लखलखीत करायची, वजन करायची आणि दुसऱ्या धातूंच्या तुकड्यांबरोबर तांब्याच्या वाटीत ठेवायची. हवा लागू नये म्हणून वरून आर्गॉन वायू सोडायचा, विजेची ठिणगी पाडायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे धातू एकमेकांत विरघळून त्यांचा एक चकाकता मणी होऊन बसायचा. तो उलटा करून पुन्हा वितळवायचा, असं चार वेळा. मग क्वार्ट्झच्या नळीत बंद करून तीन आठवडे भट्टीत. एवढं झालं की तिचं काम संपायचं आणि डॉक्टर साफ्कांचं सुरू व्हायचं.

इरेनेउश साफ्का १९७४ साली संस्थेत आले. उंच, किंचित पोक काढून चालणारा, कायम एकच तपकिरी स्वेटर घालणारा माणूस. तिचे नमुने द्रव हेलियममध्ये थंड करून त्यांचं चुंबकत्व मोजणं हे त्यांचं काम. इतरांच्या लेखी ती "प्रयोगशाळेतली बाई" होती. साफ्का तिला पहिल्या दिवसापासून लेओकादियाबाई म्हणाले आणि तिच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या दिवशी, डिसेंबरात न चुकता एक फूल आणून देऊ लागले. दोघंही एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले.

तिने एकदाच त्यांना विचारलं होतं, "डॉक्टर, तुम्ही त्यात शोधता तरी काय?"

दुपारची वेळ होती. दोघं ग्लासात पूड टाकून वर उकळतं पाणी ओतलेली कॉफी पीत होते. साफ्का म्हणाले, "मटणाच्या दुकानापुढची रांग बघितलीत ना? प्रत्येक बाई आपल्या जागी उभी. तसे हे सिरियमचे अणू. प्रत्येकापाशी एक इलेक्ट्रॉन असा असतो की त्याचा छोटासा चुंबक होतो. आता रांगेच्या मधून काही लोक भटकत असतात. ते कधी कधी एकीची बातमी दुसरीला सांगतात. अशी बातमी पोचत गेली की सगळ्या एका शिस्तीत तोंडं फिरवतात. मग पदार्थ चुंबकीय झाला म्हणायचं."

"आणि नाही पोचली तर?"

"तर तेच भटके एकेकीभोवती असे घोळका करून उभे राहतात की तिचा आवाज बाहेर ऐकूच येत नाही. चुंबक असतो, पण असून नसल्यासारखा. या दोन गोष्टींचं भांडण चाललेलं असतं, बाई. कोण जिंकतं ते मी बघतो."

"आणि त्यासाठी एवढं थंड करायचं?"

"गरम असलं की गोंगाट फार असतो."

तिला ते पटलं. तेव्हापासून ती सिरियम कानसताना जरा जास्तच जपून कानसू लागली.

१९८३चा फेब्रुवारी. दुकानं रिकामी, कारखाने अर्धे बंद. आर्गॉनचा सिलिंडर आला तर आला, आणि त्यातला वायू किती शुद्ध हे देव जाणे. कुणीतरी परदेशातून सुटकेसमध्ये घालून सिरियमचा एक तुकडा आणला होता. तो संपला की वर्षभर दुसरा मिळायचा नव्हता. साफ्कांना सिरियम, रुथेनियम आणि कथील यांचं एक नवं संयुग हवं होतं. लेओकादियाने ते केलं. क्रमांक २१२.

तीन आठवड्यांनी भट्टीतून नळी काढली तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. नळीच्या मानेपाशी केसाएवढी रेघ होती. चीर असेल, नुसता ओरखडाही असेल. आतल्या काचेवर तपकिरी झाक आली होती आणि मणी मंद, राखट दिसत होता. तिने तो कागदावर घासला. खालून चांगला चकाकता धातू निघाला.

तेवढ्यात साफ्का दारात आले. हेलियम महिन्यातून तीनच दिवस मिळायचं आणि त्यातला हा दुसरा होता.

"झाला का, बाई?"

"झालाय. पण डॉक्टर, नळीच्या मानेपाशी मला जरा..."

"चकाकतोय की!" त्यांनी मणी चिमट्यात धरून उजेडात फिरवला. "उद्या दुपारी हेलियम संपतंय. ठीक आहे ना?"

"वरचा थर काढलाय मी म्हणून..."

"काढलात ना? मग झालं तर!" आणि ते गेलेसुद्धा.

लेओकादियाने आपली वही उघडली आणि लिहिलं: क्र. २१२. मानेपाशी चीर? आत तपकिरी छटा. पृष्ठभाग घासला.

दुसऱ्या दिवशी साफ्कांच्या आलेखावर निरपेक्ष शून्याच्या वर सहा अंशांवर एक टेकाड उमटलं. लहानसं, पण स्वच्छ. म्हणजे तिथे सिरियमचे चुंबक एका शिस्तीत येत होते. आणि त्याच वेळी भटके इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवती घोळका करूनही होते, हे दुसऱ्या मोजणीवरून दिसत होतं. दोन्ही एकदम. अशी गोष्ट फार थोड्या पदार्थांत सापडली होती. साफ्कांनी क्ष-किरणांनी नमुना तपासून घेतला. त्यात दुसरं काही मिसळलेलं दिसलं नाही. लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत "उत्कृष्ट नमुन्याबद्दल श्रीमती ले. वोय्नार" असं छापलेलं होतं. ब्रोन्याने ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तीन वर्षांत साफ्का प्रोफेसर झाले. लेओकादियाने त्या दिवशी घरून पनीरचा केक करून नेला होता. त्यांनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेऊन त्यावर ओठ टेकवले आणि म्हणाले, "हा हात नसता तर मी कुठे असतो?"

त्या वाक्याने ती सुखावली, आणि त्याच वाक्याने तिची झोप उडाली.

कारण नंतरच्या नमुन्यांत टेकाड बुटकं होत चाललं. तिचं काम सुधारत होतं, भट्टी सुधारत होती, आणि टेकाड बसत होतं. साफ्का आधी हसून म्हणायचे, "दोनशे बारासारखा करा ना, बाई." मग हसणं गेलं. "तेव्हा काय केलं होतंत ते आठवा. काहीतरी वेगळं केलं असणार." आणि एकदा, सगळ्यांच्या देखत: "तुमचा हात गेला, लेओकादियाबाई."

घरी येऊन तिने बटाटे सोलले आणि सोलता सोलता तिला स्वच्छ दिसलं. हात गेलेला नव्हता, आला होता. टेकाड त्या संयुगाचं नव्हतंच. ते गंजलेल्या सिरियमचं होतं. चिरेतून हवा आत शिरली होती, कणाकणांच्या मधल्या भेगांत ऑक्साइड बसलं होतं, इतकं पातळ की क्ष-किरणांनाही दिसू नये. वरचा थर घासून काय उपयोग होता!

पण हे ती कुणाच्या तोंडावर कशी म्हणणार? शाळा आठवीपर्यंत झालेली बाई, प्रोफेसरला? तिने ठरवलं, आपण बोलायचं नाही, दाखवायचं.

१९८९च्या वसंतात नवा पंप आणि चांगला आर्गॉन आला. तिने दोन नमुने केले. ३३९ इतका निर्मळ की तसा तिने आयुष्यात केला नव्हता. ३४० करताना तिने हवा शिरावी म्हणून वायूच्या नळीचा सांधा अर्धा आटा सैल केला. दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले की साफ्कांसारख्या माणसाला सांगावं लागणार नाही, तेच तिच्याकडे बघतील आणि तेव्हा ती सगळं सांगेल. वहीत तिने तसं लिहूनही ठेवलं.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. त्याच महिन्यात साफ्कांना फ्रान्समधल्या ग्रनोब्लहून बोलावणं आलं होतं. दुसरं काम, दुसरे पदार्थ, कायमची जागा. त्यांची बायको ओतिलिया हरखून गेली होती. साफ्कांनी मनाशी पैज लावली होती: या खेपेलाही टेकाड आलं नाही, तर हे संयुग सोडायचं आणि जायचं.

ते जिन्यावरून अक्षरशः धावत खाली आले. हातात आलेखाची गुंडाळी लोंबत होती.

"३३९ मेलेला आहे! पण ३४०, बाई! ३४० बघा! पूर्वीपेक्षा मोठं!"

"प्रोफेसरसाहेब, त्या दोघांत फरक असा की..."

"फरक आहेच! कुठेतरी प्रमाणात सूत इकडचं तिकडे झालंय आणि त्यावर सगळं अवलंबून आहे. हेच तर शोधायचंय आता!" त्यांचे डोळे पाणावले होते. "मी आत्ताच ओतिलियाला फोन केला. म्हटलं, पडदे परत लाव, आपण जात नाही."

"कुठे जात नाही?"

त्यांनी सांगितलं. लेओकादियाने हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"३४०मध्ये मी थोडं..."

"मला तोंडी नका सांगू, मी विसरेन. वहीत लिहा. हात परत आला तुमचा!" त्यांनी तिचे खांदे धरून तिला हलवलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं कधी केलं नव्हतं.

तिने सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती रोज सकाळी ट्राममध्ये ते वाक्य जुळवायची आणि रोज संस्थेच्या पायरीवर ते तिच्या तोंडातून नाहीसं व्हायचं. आठवडा गेला, महिना गेला, मग असं झालं की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. ३४०वरचा दुसरा लेख छापून आला. देशात सरकार बदललं, दुकानं भरली. वही फळीवर, साफ्कांच्या टेबलापासून सहा पावलांवर, पडून होती. ती मनात म्हणायची, त्यांनी ती एकदा उघडावी. त्यांनी ती कधी उघडली नाही. तिच्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

१९९५च्या शरदात एका जपानी गटाचा लेख आला. त्यांनी त्याच संयुगाचा अत्यंत शुद्ध स्फटिक वाढवला होता आणि सहा अंशांवर काहीही नव्हतं. सपाट. खाली एक सभ्य ओळ: आधी नोंदवलेला परिणाम बहुधा सिरियमच्या ऑक्साइडमुळे असावा.

साफ्कांनी तिला खोलीत बोलावलं. वही टेबलावर होती. दोन पानांमध्ये पेन्सिली घातलेल्या.

"बसा." ते वाचू लागले. "मानेपाशी चीर, प्रश्नचिन्ह. हे तुम्ही मला सांगत होतात. मी ऐकलं नाही. ही माझी चूक." त्यांनी दुसरं पान उघडलं. "आर्गॉनचा सांधा मुद्दाम सैल." त्यांनी पानातली पेन्सिल उचलून बाजूला ठेवली. "मुद्दाम," ते पुन्हा म्हणाले. "हे कधी लिहिलंत?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मला दोन आलेख तुमच्यापुढे ठेवून सांगायचं होतं."

"मग?"

"तुम्ही धावत आलात."

"म्हणून?"

"तुम्हाला इतकं आनंदात मी कधी बघितलं नव्हतं."

साफ्कांनी चष्मा काढला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सहा वर्षं, लेओकादियाबाई. पहिली सहा माझी होती. ही सहा तुम्ही मला दिलीत."

तिला रडता आलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि, त्यांनी मान हलवल्यावर, खाली आपल्या जागी गेली.

साफ्कांनी दोन्ही लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. त्यात तिचं नाव नव्हतं, वहीचा उल्लेख नव्हता. "माझ्या निष्काळजीपणामुळे" एवढंच होतं. कँटीनमध्ये लोक बोलू लागले की साफ्काला साधं ऑक्साइड ओळखता आलं नाही. हे तिच्या कानावर यायचं तेव्हा ती ताट तसंच सोडून उठायची. शेवटी ती संचालकांकडे गेली.

"साहेब, ती चूक माझी आहे. दुसरी तर मी जाणूनबुजून केली."

संचालकांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, नमुना कुणीही केला तरी जबाबदारी नाव छापणाऱ्याची. तुमच्यावर ठपका ठेवायला आमच्याकडे रकानाच नाही. मनाला लावून घेऊ नका, घरी जा." म्हणजे गुन्हासुद्धा तिचा म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं.

साफ्का तिच्यावर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर एक दार उघडलं असतं. ते "नमस्कार" म्हणायचे, काय हवं ते चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. त्या डिसेंबरात तिच्या नामदिनाला फूल आलं नाही. पुढच्या वर्षी हृदयाच्या दुखण्याचं कारण देऊन त्यांनी वेळेआधी पेन्शन घेतली.

लेओकादियाने मग एक गोष्ट मनावर घेतली. नव्या प्रमुखांची परवानगी काढून, कामाचे तास संपल्यावर ती थांबू लागली. तेच संयुग, पण मणी नव्हे, अख्खा स्फटिक. पहिले चार तडकले. पाचवा, १९९९च्या मे महिन्यात, तिच्या करंगळीएवढा, आरशासारख्या कडांचा निघाला. नव्या प्रमुखांनी तो मोजून दिला. म्हणाले, "सुरेख आहे, बाई. पण आता यावर कुणी काम करत नाही." आलेख सपाट होता.

तो आलेख आणि कापसात गुंडाळलेला स्फटिक घेऊन ती एका दुपारी साफ्कांच्या घरी गेली. दार ओतिलियाने उघडलं. तिने आत या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही, बाजूला झाली. साफ्का खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसले होते, स्वेटर खांद्यांवरून ओघळत होता. त्यांनी स्फटिक तळहातावर घेतला. मग आलेख. सहा अंशांवर बोट ठेवलं.

"काही नाही."

"काही नाही, साहेब."

"म्हणजे पहिल्यापासून हे असं होतं. भटके जिंकले होते." त्यांचं बोट रेषेवरून डावीकडे सरकत गेलं, शून्याच्या दिशेने. "किती निर्मळ केलंत हो. ८३ साली हा हातात असता..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"मला वाटलं, तुम्हाला बघायला आवडेल."

"आवडलं." त्यांनी दोन्ही वस्तू तिला परत दिल्या. "आता एक ऐका, लेओकादियाबाई. पुन्हा येऊ नका. राग नाही माझा. तुम्हाला बघितलं की मी त्या जिन्यावरून धावत येतोय असं आठवतं. आयुष्यात एवढा एकच दिवस मी तसा धावलो. आणि तोही खोटा निघाला."

ओतिलिया दारापर्यंत आली. बाहेर जिन्यात ती म्हणाली, "तिकडे माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, बाई. एकच." आणि तिने दार लावून घेतलं, आवाज न करता.

तीन हिवाळ्यांनंतर संस्थेच्या दारावर साफ्कांच्या निधनाची काळ्या चौकटीची सूचना लागली. ओसोबोवित्सेच्या दफनभूमीत त्या दिवशी चिखल होता. लेओकादिया मागे उभी राहिली. शेवटी सगळ्यांबरोबर रांगेतून पुढे गेली. ओतिलियाने प्रत्येकाशी हात मिळवला तसा तिच्याशीही मिळवला आणि पुढच्याकडे वळली.

घरी ब्रोन्याने सूप गरम केलं होतं. तिला आता कमी ऐकू यायचं.

"कोण गेलं म्हणालीस?"

"संस्थेतले एक."

"चांगला माणूस होता?"

"हो."

"मग बूट बाहेर काढ, सगळी माती आत आणलीस." ब्रोन्याने तिच्यापुढे ताटली ठेवली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "काय झालं गं? त्याने तुझं काही वाईट केलं होतं?"

"नाही," लेओकादिया मोठ्याने म्हणाली, ब्रोन्याला ऐकू जावं म्हणून. "त्यांनी नाही."

ब्रोन्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने पाव कापायला घेतला. लेओकादिया दोन वर्षांनी पेन्शनीत निघाली. निरोपाच्या दिवशी लोकांनी तिला भाषण करायचा आग्रह केला. ती उभी राहिली, तोंड उघडलं, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खाली बसली. लोकांना वाटलं, गहिवरली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.